पुट्टीखालचा गंज

रविवार संध्याकाळ, डोकमर्डी

शिसारी आली आज. जुन्या स्पोर्ट्स कारचा लाल रंग खरवडला, तर दाराखाली बोटभर पुट्टी आणि तिच्या आत गंजून भुगा झालेला पत्रा. ही गाडी मला विकणाऱ्या आमच्या कंपनीतल्या साहेबांना फोन केला. ते हसले.

"अरे, मलाही तशीच मिळाली होती. तूही पुट्टी भर आणि रंग मार. कोणाला कळतंय?"

किळस वाटली त्यांची. पण फोन ठेवून मी काय केलं? पुट्टीच कालवायला घेतली. नवा पत्रा जोडायचा कंटाळा, दुसरं काय? सुजाता चहा घेऊन आली, म्हणाली, "याच गाडीतून मला नाशिकला माहेरी नेणार ना?"

पुट्टी फेकली, ग्राइंडर घेतला आणि सडका पत्रा कापून काढला. हाताला पुट्टीचा वास अजून येतोय. साहेबांपेक्षा मी वेगळा ठरलो, तो फक्त तिच्या प्रश्नामुळे.