मोठ्या हाताची मूठ
३ नोव्हें., सोम.
परत तेच. झटपट पाच शॉट मारायचे, पहिला दहाच्या वर्तुळात, बाकीचे वर पळाले. दर शॉटला पिस्तूल हातात फिरतं. अंगठ्याचं बूड सुजलंय. क्लबचं पिस्तूल एकच. ऋचा त्यावर स्वतःची लाकडी मूठ चढवते, एका स्क्रूचं काम, आणि चहा ढवळल्यासारखी मारते. कोच प्रशांतदादा म्हणाला, "धक्का पिस्तुलात नाही, तुझ्या डोक्यात आहे. घाबरतेस." असेल. मलमही त्यानेच आणून दिलं. रविवारी ट्रायल. संघात एकच जागा, ती किंवा मी.

५ नोव्हें.
मुठीला सायकलच्या हँडलचं रबर गुंडाळलं. आणखी जाड झाली. हुशार मी! मांजरी गावाच्या स्टॉपवर उसाचं गुऱ्हाळ दिसलं म्हणून उगाच उतरले, रस प्यायले, येरवड्याची बस गेली.

७ नोव्हें., शुक्र.
शनिवार पेठेत मुठी घासून देणारे काका आहेत, तिथे मूठ घेऊन गेले.
"ट्रिगरला बोट पोचावं म्हणून मनगट वाकडं करतेस. नळी हाताच्या रेषेत नाही. मग धक्का अंगठ्यावरच बसणार. मूठ मोठ्या हाताची आहे ही."
म्हटलं, क्लबकडे हीच होती.
"दोन होत्या. लहान मीच घासून दिली, जूनमध्ये. प्रशांत आला होता, मावसबहिणीसाठी. ऋचा."
मावसबहीण?
"सांगितलं नाही वाटतं. बरोबर आहे, सांगण्यासारखं नव्हतंच ते."
जून. म्हणजे पाच महिने मी स्वतःलाच भित्री म्हणत

८ नोव्हें.
काकांनी मूठ पुढून कानशीने उतरवली, तळव्याकडे पुट्टी भरली. वीस मारले. धक्का सरळ कोपराकडे जातो, पिस्तूल उसळून जागच्या जागी येतं. दुखलं नाही. रडू आलं, कशाला कोण जाणे.
दादाने पाठ थोपटली. "बघ, गेली की नाही भीती?"
"हो दादा." हो दादा!! जीभ झडायला हवी होती.

९ नोव्हें., रवि.
रेंजबाहेरच्या बाकावर. आत ऋचा, नंतर मी.
दादा आत्ताच येऊन गेला. "मूठ बदलण्यात वेळ घालवू नको. ऋचाचीच राहू दे, लहान आहे, तुला बसेल."
इतक्या सहज म्हणाला. लहान आहे, तुला बसेल.
म्हटलं, "मला माझीच हवी."
हसला. "बघू."
स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशात. माझी मूठ माझ्या मांडीवर. आत गोळ्या थांबल्यात. माझं नाव पुकारलं