कोपऱ्यातली झाकलेली मूर्ती

पेण, हरतालिकेच्या आदल्या दिवशी

आज त्या एजंटने घोळ घातलाच. आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या वेबसाइटवर फोटो, किमती, उरलेल्या मूर्ती, सगळं आपोआप बदलणारा हा एआय एजंट मीच हौसेने बसवलेला. कोपऱ्यातली झाकलेली मूर्ती त्याला शिल्लक दिसली. दिली टाकून साइटवर, 'शेवटची मूर्ती, त्वरा करा!' आणि रोह्याच्या एका बाईंनी लगेच बुक केली.

"ती द्यायची नाय गो," सासरे म्हणाले. चिडले नाहीत, घाबरले. दर वर्षी एक मूर्ती ते मागे ठेवतात. घरी नेताना कुणाची वाटेत भंगली, तर ऐन वेळी तो माणूस जाणार कुठे? आणि मला इतके दिवस वाटायचं, ती खपतच नाही. वेडी मी.

बाईंना त्यांनी स्वतः फोन केला, शेजारच्या कारखान्यातली तशीच मूर्ती मिळवून दिली. मग माझ्याजवळ येऊन बसले. "त्याला नीट समजव. ओरडू नको, नवीन हाय तो."

मी लिहिलं, झाकलेली मूर्ती राखून ठेव. त्याने विचारलं, 'कोणाच्या नावाने?' नाव दिल्याशिवाय पुढे जाईना.

"काय लिहू, बाबा?"

ते मूर्तीकडे बघून म्हणाले, "लिव, ज्याची भंगेल त्याची."

लिहिलं. एजंटने निमूट घेतलं.

देवा, यंदा या नावाचं कुणी न येवो.