पाचची बोट आणि पुलाचा कठडा

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्ध्यापर्यंतच वाकलो आहे, उरलेला अर्धा मनातून केला असं समजावं.) आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. आपला खोकला, वहिनींचा रक्तदाब आणि आपल्या मोरीतला तो गळका नळ हे तिन्ही एव्हाना आटोक्यात आले असतील. सहा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून 'आपण-आपली' असं सुरू केलं खरं, पण तीन ओळींतच धाप लागली, तेव्हा इथून पुढे तूच. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू आधी बोलतोस आणि मी मागाहून चिडतो. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही. तसं तुझं सगळं मला कळत असतं आणि माझं तुला, कारण आपल्या दोघांच्या बायकांनी आपलं भांडण कधी मनावर घेतलंच नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाबांच्या खुर्चीचा विषय या पत्रात येणार नाही. बोटीच्या तिकीटखिडकीत ज्या उंच खुर्चीवर बसून बाबांनी तीस वर्षं तिकिटं फाडली, जी त्यांना निवृत्तीच्या दिवशी भेट मिळाली आणि जी वाटणीच्या दिवशी तू उचललीस, ती खुर्ची तुला लखलाभ. "मेलो तरी ती मागणार नाही," असं मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो आणि त्या शब्दावर मी आजही ठाम आहे. (तिच्यावर सध्या कुंडी ठेवलेली असते, असं ही म्हणते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

पत्राला कारण आई. तिचे गुडघे गेली दोन वर्षं संपावर आहेत. समुद्र आपल्या घरापासून दोनशे पावलांवर, पण ती दोनशे पावलं तिला आता होत नाहीत. घरातून तो दिसतो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तोही उभं राहिलं तर, आणि पाच मिनिटांच्या वर तिला उभं राहवत नाही. एक दिवस जेवताना म्हणाली, "मला दुसरं काही नको रे. बसल्या बसल्या पाचची बोट दिसली की झालं." तुला आठवत असेल, पाचच्या बोटीची तिकिटं संपली की बाबा खिडकी लावून घरी निघायचे आणि बोटीचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. बाबा गेले, पण भोंगा अजून पाचलाच होतो. ब्याऐंशी वर्षांत त्या बाईने स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं, दादा. तिथल्या तिथे मी जाहीर केलं की घराच्या समुद्राकडच्या बाजूला डेक बांधायचा. आई त्याला ओटा म्हणते. मी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं.

डेक म्हणजे चार फळ्या ठोकल्या की झालं, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दुकानातच संपली. तिथे लाकूड नसलेलं लाकूड मिळतं. भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या फळ्या. सडत नाहीत, किडत नाहीत, रंग मागत नाहीत. पंचवीस वर्षांची गॅरंटी. गॅरंटी सांगताना त्या विक्रेत्याने एकदा माझ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. वर त्यात सात रंग, सातही तपकिरी. ही म्हणाली चौथा चांगला, मी म्हणालो चौथा आणि पाचवा एकच आहे, त्यावर तिने मला आमच्या लग्नातल्या शालूचा रंग विचारला. तो विषय अजून संपलेला नाही. दुसऱ्या दुकानात सागवान होतं. दुकानदार फळीवर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मलाही लावायला लावायचा. मला काही ऐकू आलं नाही, पण तसं कोण कबूल करतो? मी मान डोलावली. अर्थात मी असा कुणाच्या टिचकीवर जाणारा माणूस नाही. सगळे नमुने घरी आणले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत महिनाभर बुडवून ठेवले. तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या विरघळल्या. कुठला नमुना कुठल्या दुकानातला हे कळायला मार्ग उरला नाही, तेव्हा जो सगळ्यात कमी फुगला होता त्याला कान लावून टिचकी मारली आणि सागवान ठरवलं.

सल्लागार म्हणून शेजारचा कॅप्टन होताच. (बंदराच्या ऑफिसात शिक्के मारण्यात त्याची हयात गेली. बोटीत पाऊल टाकलं की त्याला ओकारी येते, पण टोपीमुळे सगळे कॅप्टन म्हणतात.) डेक म्हणजे काय ते मला विचारा, असं तो बिनबोलावता येऊन म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून समुद्राच्या बाजूला जरा उतार दिला. त्याच्याच सांगण्यावरून कठड्याच्या आडव्या फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, कारण म्हणे फटीतून आलेला वारा म्हाताऱ्या माणसाच्या नेमका कानात शिरतो. हे मला पटलं. पटलेल्या गोष्टींचाच पुढे पश्चात्ताप होतो, असा माझा अनुभव आहे.

आता सुताराविषयी. माणूस कामाला चोख, बोलायला कंजूष. दिवसाला चार वाक्यं, त्यातली तीन "बघू". खाऱ्या हवेत साधे स्क्रू वर्षभरात गंजतात म्हणून स्टेनलेस स्टीलचेच पाहिजेत, एवढं एकच लांब वाक्य तो पहिल्या दिवशी बोलला आणि त्यानंतर दोन दिवस त्याने विश्रांती घेतली. माझं त्याच्याशी जमलं, कारण त्याने माझा नियम मोडला नाही. तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षं पुलांच्या कामावर सुपरवायझरी करताना मी एकच नियम पाळला. काम चालू असताना साइटवर कोणी बसायचं नाही. सुपरवायझर बसला की मुकादम टेकतो, मुकादम टेकला की मजूर आडवे होतात आणि नदी आपली खालून वाहत राहते. तोच नियम मी घरी लावला. समुद्राच्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या उचलून माळ्यावर टाकल्या. सुताराने अडीच महिने उभ्याने चहा प्यायला. (गुडघे टेकायची मुभा होती, नाहीतर स्क्रू पिळणार कसे?) मी स्वतः सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उभा. कॅप्टन आला की तोही उभा, त्यामुळे त्याच्या भेटी आटोपशीर झाल्या, हा या नियमाचा आणखी एक फायदा.

एकदा आई काठी टेकत टेकत, दुसऱ्या हातात स्टूल घेऊन बाहेर आली. "मी जरा बसून बघू का रे?" म्हणाली. मी तिच्या हातातलं स्टूल काढून घेतलं आणि म्हटलं, "आई, काम पुरं होऊ दे, मग जन्मभर बस." तिला आत पोचवून आलो तर सुतार हातोडी खाली ठेवून उभा होता. "साहेब, कठड्याची उंची एकदा बसून ठरवली तर बरं," असं तो म्हणाला. दादा, चौतीस वर्षांत कामावर बसण्यासाठी मी नाना सबबी ऐकल्या आहेत, कुणाच्या पोटात कळ आली, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, पण इतकी सभ्य सबब कधी ऐकली नव्हती. मी त्याला म्हटलं, उंची ठरलेली आहे, चार फूट. माझ्या प्रत्येक पुलाचा कठडा चार फुटांचा आहे आणि माझ्या पुलावरून आजवर एकही माणूस खाली पडलेला नाही. तो म्हणाला, "बघू."

काम झालं. आणि खोटं कशाला सांगू, असा डेक या किनाऱ्यावर नसेल. एक फळी हलत नाही, एक स्क्रू वर आलेला नाही. हत्ती उभा केला तरी वाजणार नाही. उद्घाटनाला मी, ही, कॅप्टन आणि मुद्दाम बोलावलेला सुतार. माळ्यावरून आईची आरामखुर्ची काढली, पुसली, डेकच्या बरोबर मधोमध ठेवली. पाचला दहा मिनिटं कमी असताना आई बाहेर आली. तिने नवी साडी नेसली होती, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. सगळ्यांकडे बघून हसली आणि बसली. भोंगा झाला. आई समोर बघत होती. समोर सागवान होतं.

पदर सावरून म्हणाली, "लाकूड छान आहे हं." मग मान उंच करून म्हणाली, "बोट आली का रे?"

आता तुझ्यापासून काय लपवू? मी तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून पाहिलं. फळ्या, त्यांच्यावर आणखी फळ्या, मग आकाश, आणि आकाशात एक पक्षी. समुद्राचा टिपूस नाही. चौतीस वर्षं मी जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांसाठी कठडे बांधले, दादा. पुलावर कोणी बसत नाही. बसलेल्या माणसाला काय दिसतं हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ज्या दोघांनी विचारलं, त्यांतल्या एकीला मी आत पाठवलं आणि दुसऱ्याला कामचुकार ठरवलं. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ताबडतोब सुतारावर ओरडलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दीड फूट उतरवतो. दोन तासांचं काम आहे." तो तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला. कॅप्टनही हसला. झालं. या कठड्याचं एक बोटभर लाकूडसुद्धा माझ्या हयातीत उतरणार नाही, असं मी बोलून बसलो. (चारचौघांत असलो की माझ्या तोंडून ही अशी वाक्यं निघतात. तुला अनुभव आहेच.)

तेव्हापासून रोज पाच वाजता आई आरामखुर्चीत बसते आणि मी शेजारी उभा राहून तिला बोट सांगतो. आली. धक्क्याला लागली. चौदा उतरले. एकाच्या डोक्यावर ट्रंक आहे. ती विचारते, "ट्रंकवाला निळ्या शर्टातला का?" मी म्हणतो, पांढऱ्या. ती म्हणते, "मग दुसरा असेल." असे अकरा दिवस झाले. मधल्या काळात उपाय केले. तीन उशा घातल्या, त्यांवरून ती कॅप्टनच्या उतारामुळे हळूहळू पुढे घसरली. खुर्चीखाली विटा रचल्या, तर म्हणाली, "मला खाली घे, नाहीतर कुणीतरी हार घालेल." कॅप्टनने कठड्यावर तिरपे आरसे लावायची युक्ती काढली. आरशात आईला कॅप्टनचं घर दिसलं. ही तर रोज पाच वाजता करवत आणून टेबलावर ठेवते.

असो. बाकी इकडे सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, नळाला नवीन वायसर घाल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : बाबांच्या त्या खुर्चीच्या बैठकीची उंची किती आहे, हे केवळ माहितीसाठी कळव. माझ्या आठवणीप्रमाणे दोन फूट नऊ इंच, म्हणजे बसणाऱ्याचे डोळे चार फुटांच्या बरेच वर येतात. विचारण्यामागे दुसरा हेतू नाही.

ता. क. दुसरा : खुर्ची पाठवून दे. मी मागत नाहीये, आईसाठी लागते आहे, तेव्हा दिलेला शब्द मोडला असं होत नाही. तिकडून बोटीवर मालाबरोबर चढव, धक्क्यावरून मी आणवीन. कुंडी तुला ठेवून घे. आणि दादा, त्या दिवशी मी फार बोललो. बाबांनी जाताना तुझंच नाव घेतलं होतं, म्हणून बोललो.

ता. क. तिसरा, आईच्या हातचा : पाकिटावर पत्ता लिहायला म्हणून याने हे माझ्याकडे दिलं आहे आणि आत जाऊन आडवा झाला आहे. मी सगळं वाचलं. माझे गुडघे गेले म्हणून ओटा बांधला, आणि आता हा मला तिकीटखिडकीच्या खुर्चीवर चढवायला निघाला आहे. त्या खुर्चीवर चढताना तुमच्या बाबांचीसुद्धा तारांबळ उडायची. तरी खुर्ची हवी, पण पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. येत्या रविवारी पाचच्या बोटीने ये. तू येणार म्हटल्यावर हा तीन वाजल्यापासून धक्क्यावर जाऊन उभा राहील, मी ओळखून आहे याला. सुताराला मी सांगून ठेवते, त्याला दोन तास पुरतात. तू खुर्ची घेऊन उतरशील आणि हा ती तुझ्या हातातून ओढून घेईल, ते मला बसल्या जागेवरून बघायचं आहे.