बारावं गाणं

बिश्केक,
१८ फेब्रुवारी २०१९

ती. अबांस,
पुतणी बुरुलचा सलाम. वि. वि.

गाता गाता गप्प झालेला माणूस त्या अकरा सेकंदांत नेमका कुठे असतो? तुमच्या कार्यक्रमाची चित्रफीत मी चाळीसएक वेळा पाहिली. 

‘नाल’ बँडला चाळीस वर्षं झाल्याचा हा कार्यक्रम चारही कॅमेऱ्यांत छान आला आहे. तुमच्या मफलरवर ढोलांवरची धूळ दिसते, तेवढा स्वच्छ. अडचण बाराव्या गाण्याची. ‘बुर्कुता, उतर खाली’ हे धृपद आलं, तुम्ही तोंड उघडलंत आणि शब्द आला नाही. पपा ढोल वाजवत राहिले. पडद्यामागे शाल आणि थर्मास घेऊन उभ्या असलेल्या आईनं शब्द पुरवला, पण तिचा! बुर्कुत म्हणजे गरुड, आणि तेच तुमचं नाव. थोरल्या दिराचं नाव ती कशी घेणार? आमच्या घरात आभाळातला गरुडसुद्धा ‘वाकडचोच्या’च असतो. तुम्ही तिनं सांगितलं तसंच गायलात, ‘वाकडचोच्या, उतर खाली.’ हसता हसता पपांच्या हातातली काठी पडली. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. सहाशे माणसं शेवटपर्यंत वाकडचोच्याच गात राहिली.

नौरोजच्या सणाला दाखवायला वाहिनीला दहा मार्चपर्यंत फीत हवी आहे. मला हे आहे तसं ठेवावंसं वाटतं. तुमचं मत कळवा. काकूंना सलाम.

तुमची,
बुरुल


अत-बाशी,
२४ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन करू नकोस असं तुला सांगितलं ते बरं केलं. फोनवरचं बोलणं माझ्याजवळ राहत नाही, कागदावरचं राहतं.

बाईसाहेब, आपल्या सात पिढ्यांत पहिली पदवी तुझी. त्या दिवशी मी मेंढा कापला होता. पाच वर्षं शिकून तुला अकरा सेकंद लपवता येत नसतील तर मेंढा परत कर. माझ्याकडे एकोणनव्वद सालची कॅसेट आहे, तीत हेच गाणं आहे. तो आवाज तिथे चिकटव आणि तुझ्या आईचा काढून टाक.

आमची सुटलेली पोटं दिसू देत. तुझ्या पपाचं, सागिनचं टक्कल दिसू दे, तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला विचारायची गरज नाही. पण मी दुसरं काही नाही, स्वतःचं नाव विसरलो. जानेवारीत नारिनच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं. तेही मी विसरलो, तुझ्या काकूनं लिहून ठेवलं आहे. हे तिला माहीत आणि आता तुला. पुढे मी समोर बसलेलो असेन आणि ओळखणार नाही, तेव्हा नातवंडांकडे ही फीतच असेल. तीत तरी मला माझं नाव आठवू दे.

कॅसेट सोबत पाठवतो आहे. जपून हाताळ.

बुर्कुत अबा


बिश्केक,
१ मार्च

ती. अबांस सलाम. वि. वि.

कॅसेट लावून पाहिली. धृपद येईपर्यंत तुमचे ओठ आणि तो आवाज बरोबर जुळतात. अडुसष्ट वर्षांच्या तोंडातून अडतीस वर्षांचा माणूस गातो. दोन मिनिटं मलाही खरं वाटलं. पण मग तुम्ही बुर्कुत म्हणता आणि सभागृह वाकडचोच्या म्हणतं. लोकांचा आवाज सगळ्या माइकांत शिरला आहे, तो वेगळा काढता येत नाही. म्हणजे गाणं तसंच ठेवायचं, नाहीतर अख्खं काढायचं. ज्या गाण्यासाठी लोक आले तेच काढायचं.

घडलं ते घडलं तसं राहावं म्हणून मी हे काम शिकले. हे लिहिणं मला सोपं आहे, कारण त्याची किंमत मला द्यावी लागत नाही, तुम्हाला द्यावी लागते. हे कळतं, तरी लिहिते आहे. राग मानू नका.

बुरुल


कोचकोर,
४ मार्च

चि. बुरुलला आईचे आशीर्वाद.

तुझ्या पपांनी थोरल्यांचं पत्र वाचून दाखवलं. आजाराचं त्यांनी आता आम्हालाही कळवलं आहे. चूक माझी आहे. त्या रात्री खरा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. त्या गोंगाटात कोणाला कळलं असतं? पण अडतीस वर्षांची सवय, ओठ आपोआप वळले. मी एकदा रीत मोडली असती तर त्यांची लाज राहिली असती.

मात्र एक सांगते. ते गाऊन झाल्यावर त्यांनी मागे पडद्याकडे पाहिलं आणि हसले. तुझ्या कॅमेऱ्यात ते आलं का? त्यांना स्वतःला ते आठवत नाही.

मोठ्यांशी पत्रातून वाद घालू नकोस. आणि मनाला पटत नाही ते करूही नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला विचारू नकोस, शिकली आहेस तू. जेवत जा. नुसत्या चहावर राहतेस असं ऐकते.

तुझी आई


बिश्केक,
७ मार्च

ती. अबांस सलाम. वि. वि.

आई म्हणते ते हसू तिसऱ्या कॅमेऱ्यात आहे. गाणं संपल्यावर लगेच, चार सेकंद.

मी फीत पुरी केली. बारावं गाणं घडलं तसं आहे, अकरा सेकंदांसकट, आणि मागून ते हसू. कॅसेटचा आवाज वापरला नाही. तो वापरून मी तुमच्या नातवंडांना फसवू शकत नाही. पण तुमचा चेहरा तुम्हाला न विचारता लोकांना दाखवण्याचा हक्कही मला नाही. कॉलेजात पहिली बाजू शिकवली होती, दुसरी नाही.

वाहिनीला कळवलं आहे की उत्तर गायकाकडून येईल. त्यांचा माणूस दहा तारखेला नारिनला येणार आहे. काकूंबरोबर बसून एकदा पाहा. द्यावंसं वाटलं तर त्याच्या हाती द्या. नाही वाटलं तर घरी ठेवा किंवा टाकून द्या, मी कधी विचारणार नाही.

तयार फीत, चारही कॅमेऱ्यांचं मूळ चित्रण आणि तुमची कॅसेट एका डब्यात घालून आज सकाळी अत-बाशीच्या गाडीत ठेवली. दुसरी प्रत कुठेच नाही. माझ्याकडची मी गाडी सुटल्यावर पुसून टाकली.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बुरुल