वन्संची पाच चित्रं

ता. ४, सोमवार
आज आलेले : वन्संकडून पार्सल १. आत चित्रं ५, पुठ्ठे २, चिठ्ठी १. टपालखर्च त्यांनीच भरलेला. सुतळी सोडवून ठेवली.
वन्सं बत्तीस वर्षं नर्स होत्या. आता एकसष्टाव्या वर्षी पहिलं प्रदर्शन, पंचवीस तारखेला. लिहितात, शाळेत तुझा ड्रॉइंगचा हात चांगला होता, तू बघितल्याशिवाय लावणार नाही. आठ दिवसांत परत धाड. माझं ड्रॉइंग त्यांच्याच लक्षात राहिलं. ह्यांच्या नाही.

ता. ५
प्रत्येक चित्राखाली ‘मिश्र माध्यम’. मी मॅट्रिक, अर्थ लगेच लागला : निम्मी मुलं इंग्रजीत शिकलेली. पण चित्रांत मूल एकही नाही. हे म्हणाले, शाई, पेन्सिल, बँडेजची जाळी, आयोडीनचे डाग, सगळं एकत्र म्हणजे मिश्र. मी तेच म्हणत होते.
त्यातली रिकामी खुर्ची फार आवडली. देवासमोर संकल्प सोडला : आपणही रोज एक चित्र. सासूबाई म्हणाल्या, आधी पातेली घास. घासली. मग कंबर धरली.

ता. ६
वन्संसारखा टाकाऊ माल हवा. घर पालथं घातलं. जुनी चादर पुसायला लागते. बटणं शर्टांना. पाकिटं आतून कोरी, हिशेबाला. टाकाऊ असं घरात काहीच नाही. शेजारणीकडे मागितलं. तिनं कचऱ्याची बादलीच पुढे केली, वर म्हणाली, वहिनी, एवढी वेळ आली?
उद्यापासून नक्की.

ता. ८
काल अंग मोडून आलं. आज ड्रॉइंगच्या कागदाची किंमत विचारून परत आले. तेवढंच चालणं झालं.

ता. ९
प्रार्थनेच्या मधेच सुचलं, देवानंच सुचवलं म्हणायचं. वन्संच्या चित्रांची पाठ कोरी! एवढा जाड कागद आणि एकच बाजू वापरलेली. नोकरीवाल्या बायकांना काटकसर नसते.
खुर्चीच्या पाठीवर माझी कढई काढली. कोळसा, चहाचं पाणी, फडक्याची किनार. खळ सढळ हातानं लावली. वाळायला दोरीवर, चिमटे दोन. आजवर इतकं बरं वाटलं नव्हतं.

ता. १०
ओल पलीकडे उतरली. आयोडीन पसरलं, जाळी सुटली, खुर्चीचे दोन पाय गेले. तशी आता मऊ दिसते. आधी फार ताठ होती.
ह्यांनी बघितलं. सुटलेली जाळी बोटानं परत बसवून पाहिली. मग म्हणाले, ती बाबांची खुर्ची. शेवटच्या दुखण्यात ताईनं त्यांना तिच्यातच सांभाळलं.
मला वाटलं होतं, कुठलीही खुर्ची.
सासूबाईंनी बघायला चष्मा मागितला. सापडत नाही, मी म्हणाले. माझ्याच पदरात होता.

ता. ११
पार्सल बांधलं. पत्र तिसऱ्यांदा लिहिलं. पहिल्या दोनांत खरं लिहून गेले होते, फाडली. हे तिसरं :
ती. वन्संस सा. न. चित्रं सर्वांना पसंत. चार जशीच्या तशी पाठवते. पाचवं आता दोन्ही बाजूंनी झालं आहे, प्रवासात थोडं दमटही झालं असेल. माझी बाजू भिंतीकडे केलीत तरी माझं काही म्हणणं नाही. दोन्ही नकोशा वाटल्या तर तसं लिहा. पण काहीतरी लिहा. उलट टपाली कळवावे.