दिवसाची गोष्ट

वेवजी,
एप्रिल १९६२

प्रिय सदा,

बाबांशी भांडून तू वेरावळच्या बोटीवर गेलास, त्याला दुसरा शिमगा लोटला. बाकीचे खलाशी सणाला आपल्या नरपडला येऊन नाचून गेले, तू नाही. होडी शिडाची हवी की मशीनची, यावरून बापलेकांनी इतका अबोला धरावा, हे मला अजून समजलेलं नाही. पण आज वेगळंच सांगायचं आहे. माझं डोकंच चालेनासं झालंय.

माझी बालवाडी इथे मांडवाखाली भरते. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आधी मुलांचे कान तयार करा, अक्षरं मागाहून. म्हणून मी रोज चित्रांचं पुस्तक मांडीवर घेते. पानावर एक कोंबडी, खाली एक ओळ. पान उलटण्याआधी थांबायचं आणि विचारायचं, आता काय होईल? मुलं छान ऐकायची. सुकी नावाची पोर मात्र पुस्तक निघालं की कानांत बोटं घालायची. मला वाटलं, कान दुखत असेल. लसणाचं तेल घेऊन घरी गेले, तर तिची आई रखमी हसायलाच लागली. म्हणाली, "बाय, दिसाची कहाणी आयकली तं मामा वाट चुकतो." सुकीचा मामा, काकड्या त्याचं नाव, जंगलात कूपावर, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीला गेलेला, तो परतला नव्हता. दिवसा गोष्ट मागितली की आपली आईही हेच सांगून आपल्याला गप्प करायची, म्हणजे तिला निवांत मासळी वाळत घालता यायची.

मी मुलांना समजावलं, असं काही नसतं रे. झालं भलतंच. पोरांना सुकीचं पटलं, माझं नाही. एकेक करत सगळ्यांची बोटं कानांत. आमची चिमीसुद्धा! बाईंची स्वतःची लेक! मी ओरडले, ती रडली, मग मीही. शेवटी पुस्तकाची शिवण उसवली असं खोटंच सांगून ते पेटीत ठेवलं. आणि त्याच आठवड्यात काकड्या आला. आता तो काम संपलं म्हणून आला, की मी गप्प बसले म्हणून? हसू नकोस. उत्तर ठाऊक असूनही विचारतेय.

आता सुकी अगदी पुढे येऊन बसते, "सांग ना बाय" म्हणते. सगळ्यांचे कान मोकळे झालेत. फक्त चिमी हात खाली घेत नाही. काल जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "माझा मामा कुठे आलाय?" सदा, मी तिला काय सांगू? पुस्तक उघडते आणि पहिल्या ओळीलाच मिटून ठेवते. एवढ्या गोष्टी मी भरदिवसा सांगितल्या, असं मनात येतं, आणि मग स्वतःचाच राग येतो. बाबांपुढे जाऊ नकोस हवं तर. संजाणला उतर आणि थेट इकडे ये. उजेडी ये, मुलं मांडवात बसलेली असताना. तू वाट चुकला नाहीस, हे चिमीला दिसू दे. मलाही.

तुझीच,
वेणूताई