कंपासपेटीतली मिसरी

आई,

नमस्कार-बिमस्कार राहू दे, डोकं फिरलंय माझं.

आज पल्लवीला शाळेत चक्कर आली. घरी आणून तिची कंपासपेटी उघडली, तर आत तंबाखूची मिसरी! अकरा वर्षांची पोर गं! सुट्टीत तुझ्याकडं बिडकीनला तिचा दात दुखला, तवा तूच मिसरी लावली होतीस. हे तुझंच काम समजून मी तिला दरडावलं, “आजीनं दिली ना?”

“नाय. तुझ्याच डबीतली हाय,” ती रडत म्हणाली. “मिसरी लावल्यावर तू चिडत नाहीस. म्हणून मी पण पेपराच्या आधी लावते.”

तुला लई बोलणार होते, आई. आता हे पत्र धाडत नाय. पेन धरलेलं माझं बोट अजून मिसरीनं काळंच हाय.

तुझी,
सरू